रापी हाती घेण्यापूर्वी



नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या कुटुंबांतील काही तरुणांनी चर्मकला शिकण्याची इच्छा व्यक्त केली आहे. त्यावर वडीलधाऱ्या मंडळींची शंका रास्तच आहे. जे काम जातीने आपल्या कपाळी मारले होते ते टाकून आपण बाहेर पडलो; मग चामड्यास पुन्हा हात का लावावयाचा? या शंकेचे निरसन प्रथम झाले पाहिजे.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी, मृत जनावरे ओढण्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब मांडणाऱ्यांचा समाचार घेतला होता. लाभापेक्षा स्वाभिमान श्रेष्ठ, असा त्याचा आशय होता. सक्तीचे काम आणि स्वेच्छेने शिकलेली कला यांतील भेद आपण ओळखला पाहिजे. संविधानाचा अनुच्छेद १९ प्रत्येक नागरिकास व्यवसाय निवडण्याचा हक्क देतो. उलट, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या सुधारणेनुसार, सवर्णाने अनुसूचित जातीच्या व्यक्तीस जनावराचे शव उचलावयास लावणे हा गुन्हा आहे. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हे संरक्षण आहे. धम्माचे म्हणाल, तर उपासकाने वर्ज्य करावयाचे पाच व्यापार पाली ग्रंथांत सांगितले आहेत: शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष. चर्मकला त्यांत नाही.

आता हत्यारांकडे वळू. नवशिक्याने मोठी पेटी एकदम विकत घेऊ नये. रापी, आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला जाड दोरा, पोलादी पट्टी, लाकडी हातोडा, धारेचा दगड आणि कापण्यास एक पाट, एवढ्यावर आरंभ होतो. पैसे थोडे असतील तर ते रापीवर आणि दगडावर खर्च करावेत. बोथट रापीस जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती घसरून हात कापते. दुसरा हात पात्याच्या वाटेत कधीही नसावा. जाड चामडे एका दमात न कापता दोन-तीन हलक्या ओढींत कापावे.

बाभळीची साल, हिरडा इत्यादींनी कमावलेले चामडे ताठ असते व त्याची कड घासून गुळगुळीत होते. क्रोमने कमावलेले मऊ असते. शिकावयास पहिले बरे. कंबरपट्ट्यासाठी पाठीचा भाग घ्यावा. पोटाचा भाग ताणला जातो. खरेदीची पावती न चुकता मागून जपून ठेवावी. महाराष्ट्रात गाईबरोबरच २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना जमावाने मारहाण केली, हे विसरून चालणार नाही. माल कोठून आणला असे कोणी विचारल्यास आपल्या हाती कागद असला पाहिजे.

पहिली वस्तू लहान असावी. किल्ल्यांचा पट्टा किंवा साधे पाकीट. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापावा, मग चामडे. कडेपासून ३-४ मिलिमीटर आत रेघ ओढून आरीने समान अंतरावर भोके पाडावीत. दोरा शिवणीच्या सुमारे चौपट लांब घेऊन त्याच्या दोन्ही टोकांस सुई ओवावी, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून पार कराव्यात. अशा शिवणीतील एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. चिकटविण्याचे सोल्युशन वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्याची वाफ घातक आहे आणि पेटही घेते. चूल, विडी व मुले यांना दूर ठेवावे.

किंमत ठरविताना चामडे व दोरा यांबरोबर स्वतःच्या श्रमाचे तासही वहीत मांडावेत. बलुत्याच्या काळी आपल्या कामाचे मोल दुसऱ्याने ठरविले. ते आता आपण ठरवावयाचे आहे.

शेवटी पालकांस एक विनंती. मुलीस रापी धरावीशी वाटली तर तिला धरू द्यावी. मुलास नकोशी वाटली तर त्याच्यावर लादू नये. आणि या कामापायी कोणाचीही शाळा सुटता कामा नये. जयभीम.