एका प्रश्नचिन्हाची गोष्ट

सकाळच्या धारा झाल्या असतील, दूध डेअरीला गेलं असेल, कुणी चुलीपुढे तर कुणी कांद्याच्या वाफ्यात बसून ऐकत असाल. आज आम्ही बचत गटातल्या बायका तुमच्याशी बोलायला आलोय. विषय ऐकून हसाल. स्वल्पविराम, पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह. शाळेत बाई फळ्यावर लिहायच्या आणि आपण पेपर संपला की विसरून जायचो, तेच ते. पण याच चिन्हांपायी आमच्या गटात दोन महिने दोघींचं बोलणं बंद होतं. म्हणून म्हटलं, हे सगळ्यांना सांगावं.

आमच्या गटाचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात फक्त गाई-शेळ्यांचं बोलायचं असं ठरलेलं. एका दुपारी एकीनं विचारलं, जंताचं औषध गुळातून दिलं तर चालतं का? त्याच वेळी दुसरीनं लिहिलं, “जंताचं औषध गाभण गाईला चालतं”. तिलाही विचारायचंच होतं. पण प्रश्नचिन्ह राहिलं आणि “का” हा शब्दही राहिला. तेवढ्यात तिसरीनं उत्तर दिलं, “हो चालतं”. हे उत्तर गुळाचं होतं, पण पडलं गाभण गाईच्या खाली.

संध्याकाळी चौथीनं फोन उघडला. तिनं काय वाचलं? एक जण सांगतेय की गाभण गाईला चालतं, आणि दुसरी म्हणतेय हो चालतं. दोघींनी सांगितलं म्हटल्यावर शंका कसली? तिची गाय भरवून महिना झाला होता. तिनं औषध पाजलं. पुढे गाय पुन्हा माजावर आली. डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, अल्बेन्डाझोलसारखं जंताचं औषध गाय भरवल्यापासूनच्या पहिल्या दीड महिन्यात देत नाहीत, पोटातल्या गर्भाला धोका असतो. गाय औषधामुळेच उलटली का, ते मात्र डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. गाभ इतर कारणांनीही टिकत नाही. पण मन ते ऐकतं होय? गाय जिची, ती म्हणाली, तुम्ही लिहिलंत म्हणून मी दिलं. लिहिणारी म्हणाली, मी तर विचारत होते. बैठकीत दोघी दोन टोकांना बसायला लागल्या.

आम्ही तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला आणि आमच्या ध्यानात आलं की दोघीही खऱ्या आहेत. आपल्या मराठीत सांगणं आणि विचारणं यांचे शब्द पुष्कळदा तेच असतात. “औषध पाजलं.” आणि “औषध पाजलं?” तोंडानं बोलताना आवाज वर जातो, भुवई उडते, समोरचीला कळतं. कागदावर आणि फोनवर आवाज नसतो. तिथं ते काम एवढंसं चिन्ह करतं. तेच राहिलं, तर विचारणारी बाई सांगणारी होऊन बसते.

आता स्वल्पविरामाचं बघा. मागे कांद्यावर करप्याची भीती होती, आभाळ भरून आलं होतं. एकीनं लिहिलं, “ढग आलेत फवारणी करू नका थांबू”. वाचा बरं मोठ्यानं. “फवारणी करू, नका थांबू” असं वाचलं तर अर्थ असा की ढगाळ हवेत करपा वाढतो, आजच मारून घेऊ. “फवारणी करू नका, थांबू” असं वाचलं तर अर्थ असा की पाऊस येईल, औषध धुऊन जाईल, जरा थांबू. शब्द तेच, कामं दोन. आणि दोन्ही पटण्यासारखी. म्हणून तर घोळ झाला. निम्म्या बायकांनी पंप भरले, निम्म्या घरी बसल्या.

तुम्ही म्हणाल, आपल्या आज्या-पणज्यांचं कुठं अडलं या चिन्हांवाचून? खरं आहे. जुनी मोडी लिपी बघा. वतनाची, जमिनीची जुनी कागदं अजून कुणाकुणाच्या पेटीत असतील. त्यात ओळीच्या ओळी सलग लिहिलेल्या असतात, शब्द वेगळे तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात. वाचणारा सरावाचा असला तर अर्थ लावायचा. आज ती कागदं वाचायला मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो. पुढे छापखाने आले, पुस्तकं आणि वर्तमानपत्रं अनोळखी माणसांच्या हाती जाऊ लागली. आपल्या नगरमधूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. ज्याला लिहिणाऱ्याचा आवाज माहीत नाही, त्यानं कुठं थांबायचं ते कसं ओळखावं? इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला देतात. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचं पुस्तक १८५० सालचं. म्हणजे ही चिन्हं आपल्या भाषेत तशी नवीच, पावणेदोनशे वर्षांची. सुनेसारखी आली आणि घरचीच झाली.

आकड्यांत तर ही चिन्हं फारच जपावी लागतात. औषध “२-३ मिली” लिहायचं होतं आणि मधली आडवी रेघ राहिली, तर झालं “२३ मिली”. दोन-तीनचे तेवीस! “०.५” मधला टिंब राहिला, तर “०५”, म्हणजे अर्ध्याचे पाच, दहापट. दुधाचं तर आपल्याला पाठच आहे. फॅट ३.५, एसएनएफ ८.५. त्यातला टिंब हलला तर डेअरीवर लगेच लक्षात येतं, कारण पस्तीस फॅटची गाय कुणाच्याच गोठ्यात नाही. पण औषधाच्या आकड्याला असा अंदाज नसतो. तिथं आपण लिहिलं तसं पाजून मोकळ्या होतो.

आणखी एक गंमत. हिंदीत वाक्य संपलं की उभी रेघ देतात, मराठीत टिंब. फोनवर हिंदीतला मजकूर फिरत फिरत येतो. त्यात “मात्रा २।” असं असलं, तर घाईत वाचणारीला ते एकवीस दिसतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलंत, तर तो म्हणेल सव्वादोन. कारण जुन्या हिशेबाच्या वह्यांत आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. “३॥” म्हणजे साडेतीन. एका रेघेचे तीन अर्थ!

हे फक्त आपल्यासारख्या कमी शिकलेल्या बायकांचंच होतं असं समजू नका. अमेरिकेत मेन नावाच्या राज्यात ओकहर्स्ट ही दूध डेअरी आहे. तिथल्या गाडीचालकांनी जादा तासांच्या पगारासाठी दावा केला. तिथल्या कायद्यात कोणत्या कामांना जादा पगार लागू नाही याची यादी होती. यादीच्या शेवटी “पाठवणीसाठी किंवा वाटपासाठी पॅकिंग” असा अर्थ घ्यायचा, की “पाठवणीसाठी पॅकिंग” आणि “वाटप” अशी दोन वेगळी कामं धरायची, हा वाद. मधे एक स्वल्पविराम असता तर वादच नव्हता. चालक वाटप करायचे, पॅकिंग करत नव्हते. २०१७ मध्ये वरच्या कोर्टानं चालकांच्या बाजूनं कौल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. कायदा लिहिणारी शिकलेली माणसं, आणि राहिला एक स्वल्पविराम.

टिंबाची अजून एक जागा सांगायलाच हवी. सरकारी योजनेच्या नावानं फोनवर लिंक येते. किसान सन्मान योजनेचं संकेतस्थळ पीएमकिसान, डॉट, जीओव्ही, डॉट, इन असं आहे. जीओव्हीच्या आधी टिंब, नंतर टिंब, मग इन, आणि तिथं नाव संपलं. टिंबाच्या जागी आडवी रेघ असेल किंवा “इन”च्या पुढे आणखी टिंब देऊन काही जोडलेलं असेल, तर हात लावू नका. फसवणारा माणूस अशा बारीक चिन्हांतच लपतो.

मग आम्ही काय ठरवलं? एका बैठकीत सगळ्या बसलो आणि चार गोष्टी पक्क्या केल्या. विचारायचं असेल तर “का” हा शब्द लिहायचाच. प्रश्नचिन्ह कुठं असतं ते सापडलं नाही तरी “का” अर्थ सांभाळतो. औषधाचा आकडा अक्षरातही लिहायचा, “अर्धा मिली”, “दोन ते तीन मिली”. रेघेच्या जागी “ते” लिहिलं की रेघ हरवायची भीती नाही. उत्तर देताना ज्या निरोपाला उत्तर आहे तोच दाबून धरून त्याला जोडून द्यायचं, नुसतं “हो” लिहून मोकळं व्हायचं नाही. आणि फोनवर बोलून टाइप केलेलं पाठवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचायचं, कारण फोन शब्द उतरवतो, पण आपण कुठं थांबलो ते पुष्कळदा उतरवत नाही. आणि औषध पाजायचं ते डॉक्टरांना विचारूनच, ग्रुपवरच्या “हो”वर नाही.

एक मात्र करायचं नाही असंही ठरलं. कुणाचं चिन्ह चुकलं म्हणून तिला हसायचं नाही. हसलो तर ती उद्या विचारणार नाही, आणि न विचारता पाजलेलं औषध प्रश्नचिन्हापेक्षा महाग पडतं. जिला लिहिणं जमत नाही तिनं आवाजात निरोप पाठवावा. जात्यावर ओवी म्हणताना कुठं थांबायचं हे आपल्या आयांना कुणी शिकवलं नव्हतं. आवाजात ते आपोआप येतं.

त्या दोघींचं काय झालं, विचाराल. त्याच बैठकीत आम्ही तो निरोप मोठ्यानं वाचला. आधी सांगितल्यासारखा, मग विचारल्यासारखा. गाय जिची ती ऐकत होती. म्हणाली, “असं विचारलं होतंस होय?” दुसरी म्हणाली, “मग काय तर!” आणि दोघी एकदम रडल्या. गाय पुन्हा भरवली, आता ती गाभण आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. “फवारणी करू नका थांबू” ही ओळ चिन्हांशिवाय पाटीवर लिहा आणि दहा जणींना वाचायला सांगा. किती अर्थ निघतात ते मोजा. आणि मग आपापल्या ग्रुपवरचा शेवटचा निरोप उघडून बघा. येतो आम्ही. नमस्कार.