दोन पेले खिमाडाचे
(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



कॉकटेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातला बार आणि उंच स्टुलावर बसलेला खलनायक येतो. पण आपल्या मुंबईच्या जुन्या गावठाणांतही एक चांगलं मराठी बोलणारं कॉकटेल आहे. त्याचं नाव खिमाड.

हे पेय ईस्ट इंडियनांचं. नावावर जाऊ नका. ही मुंबई, साष्टी, वसई भागातली मूळ मंडळी. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाली, घरात मराठीच राहिली. गोवा, मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून १८८७ साली त्यांनी हे नाव घेतलं. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी वाजतगाजत आणतात. त्या ‘उंबराच्या पाण्या’च्या वेळी खिमाडाचे पेले फिरतात. गावठी दारू, साखर आणि गरम मसाला. प्रमाण ज्या त्या घराचं.

मात्र गावठीचा हट्ट आज धरू नका. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं किती घरं उघडी पडली, ते आपण पाहिलं. मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली. दारूत मिसळलेलं मिथेनॉल वासाचवीवरून कळत नाही आणि उकळून, गाळून ती दारू निर्धोकही होत नाही. तेव्हा परवानाधारक दुकानातली सीलबंद रमच घ्या. आपल्या राज्यात त्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवानाही हवा.

आता कृती. आम्हा ट्रॉम्बेकरांची थंडी म्हणजे जानेवारीतल्या चार रात्री. खाडीवरून गार वारा सुटला की दोघांसाठी दीड कप पाणी ठेवा. त्यात दोन चमचे साखर, बोटाएवढी दालचिनी, चार लवंगा आणि गवती चहाची दोन पाती घालून पाच मिनिटं उकळा. गॅस बंद करा, झाकून ठेवा, मग गाळा. पेल्यात ओतल्यावरच प्रत्येकी ३० मिलिलिटर रम घाला. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो. चुलीवर घातलात तर वाफ पेट घेऊ शकते आणि सुगंधही उडून जातो. वर लिंबाचे चार थेंब. झालं!

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे पुरुषानं बाहेर पिऊन यायचं आणि बाईनं ताट झाकून वाट पाहायची, अशी रीत कित्येक घरांनी सोसली. दोन पेल्यांचा खिमाड या रीतीच्या उलट आहे. तो एकानं उकळायचा, दुसऱ्यानं गाळायचा आणि समोरासमोर बसून प्यायचा. मुळात दोनच पेले केलेत, तर तिसऱ्याचा मोहही होत नाही. आणि दोघांपैकी एकाला रम नको असेल, औषधं चालू असतील, घरात पाळणा हलणार असेल, तर त्या पेल्यात ती घालूच नये. मसाल्याचा काढा तेवढाच गोड लागतो. आग्रह मात्र कुणी कुणाला करू नये.

टीव्ही बंद करा, पेले हातात घ्या आणि दिवसभर राहून गेलेलं बोलून टाका.