शुल्कपत्रकातील पोलाद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे प्रश्न दारात उभे असताना पोलादी शीट पाइलचे सीमाशुल्कातील वर्गीकरण हा विषय एखाद्या निवृत्त प्राध्यापकालाच सुचावा! परंतु आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, राज्यसंस्था कोणाच्या बाजूने उभी आहे हे अर्थमंत्र्यांच्या भाषणापेक्षा शुल्कपत्रकाच्या बारीक टाइपात अधिक स्पष्ट वाचता येते. म्हणून एकच वस्तू घेऊन बोलतो.

बंदराचा धक्का, नदीतील पुलाचा पाया किंवा मोठ्या इमारतीच्या तळघराचा खड्डा बांधताना पाणी आणि माती अडविण्यासाठी जमिनीत लांबच लांब पोलादी पाट उभे ठोकतात. त्यांना शीट पाइल म्हणतात. सुताराच्या कामात एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसते, तशी या पाटांच्या दोन्ही कडांना आकडी असते. एक पाट दुसऱ्याच्या आकडीत अडकवून ठोकीत गेले की सलग भिंत तयार होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रेमेनच्या लार्सन नावाच्या अभियंत्याने याला रूढ आकार दिला आणि आजही त्याचे नाव या पाटांना चिकटून आहे. हे पाट दोन रीतींनी तयार होतात. एकात लालबुंद पोलाद लाटतानाच आकडी घडविली जाते. दुसऱ्यात आधी लाटलेली पोलादाची कॉइल थंड अवस्थेत रोलरमधून काढून वाकविली जाते. ही दुसरी रीत लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता शुल्कपत्रक. आपला सीमाशुल्क दर अधिनियम १९७५ चा. त्याच्या अनुसूचीत १९८६ पासून आंतरराष्ट्रीय सुसंवादी पद्धती आली. पहिले सहा अंक साऱ्या जगाला समान, पुढचे दोन आपले. प्रकरण ७२ मध्ये लोखंड व पोलाद, प्रकरण ७३ मध्ये त्यांच्या वस्तू. तापवून लाटलेला अँगल किंवा एच आकाराचा खांब ७२१६ मध्ये जातो, म्हणजे तो अजून ‘पोलाद’च. शीट पाइल मात्र तशाच गिरणीत लाटलेले असले तरी ७३०१ मध्ये, ‘वस्तूं’च्या पंक्तीत जाऊन बसते. फरक कशाचा? त्या आकडीचा. पायासाठी ठोकलेला, पण आकडी नसलेला एच खांब ७२१६ मध्येच राहतो. पोलाद कोठे वापरणार याला येथे फारसे महत्त्व नाही, त्याची कड कशी आहे याला आहे. मला स्वतःला ही व्यवस्था तर्कशुद्ध वाटते. वस्तू समोर ठेवून अधिकाऱ्याला ठरविता आले पाहिजे. आयातदाराच्या मनातील हेतू तो कोठे शोधणार? माझी तक्रार वर्गीकरणाविषयी नाही. त्यावर जे रचले जाते त्याविषयी आहे.

२०२२ साली युक्रेनच्या युद्धानंतर पोलादाचे भाव भडकले. देशातील भाव उतरावेत म्हणून केंद्र सरकारने २१ मे रोजी, शनिवारी, अधिसूचना काढून अनेक पोलादी मालांवर १५ टक्के निर्यातशुल्क बसविले. उद्देशाशी माझे भांडण नाही. देशातील लहान कारखानदाराला पोलाद रास्त भावाने मिळाले पाहिजे हे आपणच सांगत आलो आहोत. परंतु यादी पाहा. तापवून लाटलेली कॉइल ७२०८ मध्ये येते, ती यादीत होती. ७३०१ नव्हते. म्हणजे कॉइल कॉइल म्हणूनच जहाजावर चढली तर १५ टक्के. तीच रोलरमधून काढून, कडेला आकडी देऊन शीट पाइल म्हणून चढली तर शून्य. मी येथे कोणावर आरोप करीत नाही, नियमाची रचना दाखवितो आहे. कॉइलपासून पुढची वस्तू येथेच बनावी असा हेतू होता असे कोणी म्हणेल, आणि तो वाईटही नव्हे. मग तो संसदेसमोर मांडून चर्चा का होऊ नये? शुल्क लागले तेव्हा संसदेचे अधिवेशन चालू नव्हते. १९ नोव्हेंबरला ते उठले, तेव्हाही नव्हते. कायदा सरकारला हा अधिकार देतो हे खरे, पण अपवादासाठी दिलेला अधिकार नित्याचा झाला की अंदाजपत्रकावरील चर्चा हा एक समारंभ उरतो.

अमेरिकेतही हेच दिसते. मार्च २०१८ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने पोलादावर २५ टक्के शुल्क लावले. त्या घोषणेतील अंक वाचले तर ७३०१.१०, म्हणजे शीट पाइल, आत आहे आणि लगेच शेजारचे ७३०१.२०, म्हणजे वेल्डिंग करून जोडलेले अँगल, बाहेर. एकाच शीर्षकाखालील दोन भावंडांपैकी एकापासून राष्ट्राला धोका आणि दुसऱ्यापासून नाही! जून २०२५ मध्ये हा दर ५० टक्क्यांवर नेला गेला.

आपल्या मुंबईला हा खेळ नवा नाही. १८९४ साली आयात सुती मालावर ५ टक्के शुल्क आले, तेव्हा लँकेशायरच्या समाधानासाठी हिंदी गिरण्यांच्या सुतावरही तेवढेच उत्पादनशुल्क लादले गेले. मात्र २० नंबरच्या वरच्या सुतावर. नंबर वीस ही केवळ तांत्रिक रेषा होती काय? जाड सूत आपले, बारीक सुतात मँचेस्टरशी स्पर्धा, हा हिशेब त्या रेषेत होता. १८९६ मध्ये ती जागा गिरणीच्या कापडावरील साडेतीन टक्के कराने घेतली आणि तो कर १९२५ पर्यंत टिकला. त्या काळी आपल्या पुढाऱ्यांनी सुताचे नंबर आणि टक्के मुखोद्गत केले होते. आज आपल्या किती कार्यकर्त्यांना शुल्कपत्रक उघडून वाचता येते?

मोठ्या कारखानदाराला ते येते, किंवा ज्याला येते त्याला तो पगारावर ठेवतो. २०११ पासून आयातदाराने स्वतःच शुल्क आकारून भरावयाचे असते. वर्गीकरण चुकले तर जबाबदारी त्याची. आगाऊ निर्णय मागण्याची सोय कायद्यात आहे, २०२१ पासून त्यासाठी दिल्ली व मुंबई येथे प्राधिकरणे आहेत. पण ज्याच्या वर्षाला दोन खेपा येतात तो तेथवर पोहोचतो कोठे?

माझा एक जुना विद्यार्थी पाया खोदण्याची लहान कंत्राटे घेतो. त्याने परदेशातून शीट पाइलबरोबर कोपऱ्याला लागणारे आकडीचे जोडतुकडे मागविले. त्याने सर्व माल ७३०१ मध्ये दाखविला. बंदरावरील अधिकाऱ्याचे म्हणणे पडले की सुटे तुकडे हे बांधकामाच्या सांगाड्याचे भाग, ते ७३०८ मध्ये जातील. व्यापारी करारातील सवलत याच अंकांवर अवलंबून असल्याने वाद पेटला. माल धक्क्यावर पडून राहिला आणि त्याचे भाडे रोज चढत गेले. शेवटी बंधपत्र आणि बँक हमी देऊन तात्पुरत्या आकारणीवर त्याने माल सोडविला. तोपर्यंत ज्या खड्ड्यासाठी तो मागविला होता त्यात पावसाचे पाणी भरले होते आणि मजूर गावी निघून गेले होते. अधिकारी अप्रामाणिक होता असे तो म्हणत नाही, मीही म्हणत नाही. दोघांच्याही हाती तेच इंग्रजी पुस्तक होते.

त्या अपिलाची कागदपत्रे मी वाचीत आहे. आपल्यापैकी ज्यांना वेळ आहे त्यांनी प्रकरण ७२ आणि ७३ च्या टिपा मराठीत उतरविण्याच्या कामी यावे. पुढच्या रविवारी याच जागी आपण तेथून सुरुवात करू.