किमान वेतन आणि सेक्टर १७ चा दुकानदार

चंदीगडच्या सेक्टर १७ मधील चौकात वाहनांना मज्जाव आहे. सारख्याच ठेवणीच्या काँक्रीटच्या इमारती, तळमजल्यावर दुकाने, वरती कचेऱ्या आणि मध्ये प्रशस्त फरसबंदी, अशी ल कॉर्ब्यूझिए याच्या आराखड्यातील ही मध्यवर्ती पेठ. येथे दुकान घेणाऱ्याला आपल्या मर्जीने दर्शनी भाग बदलता येत नाही, आणि या बंधनाची व्यापाऱ्यांना सवयही झालेली आहे. परंतु त्याच दुकानात गठ्ठे उचलणाऱ्या, कापड उलगडून दाखवणाऱ्या वा फरशी पुसणाऱ्या माणसाचे वेतनदेखील अशाच एका नियमाने बांधलेले असते, याचे भान पुष्कळांना फार उशिरा येते.

‘मुलगा एवढ्या पगारावर खुशीने राहिला’ हे मालकाचे नेहमीचे समर्थन. व्यवहारात ते खरेही असेल. कारण गावाहून नुकताच आलेला, खिशात परतीचे भाडेही नसलेला मनुष्य कशालाही खुशीने होकार देतो. अशा होकाराला किती किंमत द्यावयाची, हा प्रश्न या देशात बराच जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना ११ एप्रिल १९४६ रोजी किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले गेले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. ठरलेल्या दरापेक्षा कमी वेतनाचा करार त्या कायद्याने निरर्थक ठरवला. धंदा परवडत नाही, ही सबबही टिकली नाही. किमान वेतन देण्याची ऐपत नसलेल्या उद्योगाला अस्तित्वाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने क्राउन ॲल्युमिनियम वर्क्सच्या प्रकरणात म्हटले. पुढे १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, किमान दराहून कमी मजुरीवर घेतलेले काम म्हणजे घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध केलेली वेठबिगारच होय, असा निर्णय झाला. मग ‘खुशी’ उरली कोठे?

तेव्हा दर कोणता, एवढेच मालकाने पाहावयाचे. आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. महाराष्ट्रातील व्यापाऱ्याला परिमंडळे परिचित आहेत. एकाच राज्यात मोठ्या शहराचा दर वेगळा, आडगावचा वेगळा. चंदीगडला निराळाच प्रकार. १ नोव्हेंबर १९६६ पासून हे शहर केंद्रशासित प्रदेश आहे. पण त्याला लागून एका अंगास पंजाबातील मोहाली आणि दुसऱ्या अंगास हरियाणातील पंचकुला. समजा, एका व्यापाऱ्याची तिन्ही ठिकाणी दुकाने आहेत. मालक एक, माल एक, कामही एकच. तरी दर ठरवणारी सरकारे मात्र तीन. नोकर मोहालीत राहतो म्हणून सेक्टर १७ मधील कामाला पंजाबचा दर लागत नाही, की मालकाची मुख्य पेढी पंचकुल्यात आहे म्हणून हरियाणाचाही लागत नाही. काम जेथे होते तेथला दर. एवढ्यावरही भागत नाही. दुकानाच्या वरच्या मजल्यावर बँकेची शाखा असली, तर बँकव्यवसाय केंद्र सरकारच्या कक्षेत येत असल्यामुळे तेथल्या पहारेकऱ्याला, तो कंत्राटदाराचा माणूस असला तरी, केंद्राचा दर लागू होतो आणि खालच्या दुकानाच्या पहारेकऱ्याला चंदीगड प्रशासनाचा. जिना एकच!

दर एकदा पाहून वहीत टिपून ठेवला, की काम झाले असेही नाही. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा पाया घातला तो कुटुंबाच्या गरजांवर : तीन माणसांच्या प्रमाणात अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. या वस्तूंचे भाव चढतात तसा महागाईचा भाग वाढवावा लागतो. चंदीगडमध्ये हा फेरबदल सामान्यतः एप्रिल आणि ऑक्टोबर असा वर्षातून दोनदा होत आला आहे. त्याला आधार असतो तो ग्राहक किंमत निर्देशांकाचा, आणि औद्योगिक कामगारांसाठी तो निर्देशांक तयार करणारे केंद्र सरकारचे श्रम कार्यालय कित्येक वर्षे याच सेक्टर १७ मध्ये होते. देशभरच्या डाळ-तांदळाचे भाव ज्या पेठेत मांडले जात, त्याच पेठेतील दुकानदार जुन्या दराने पगार वाटत राहिला, तर त्याला अंतर दूर पडले असे म्हणता येणार नाही.

पदनामाच्या बाबतीतही अशीच गफलत होते. हजेरीपटावर ‘मदतनीस’ म्हणून लिहिलेला मनुष्य प्रत्यक्षात गल्ला सांभाळीत आणि हिशेब लिहीत असेल, तर त्याची श्रेणी कामावरून ठरते, नावावरून नव्हे. दुपारचे जेवण नि निजायला दिलेला पोटमाळा यांची किंमत मालकाने आपल्या मनाने वेतनात धरू नये. दिवाळीच्या गर्दीत रात्री उशिरापर्यंत घेतलेल्या जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. तासाला ६० रुपये पडत असतील, तर जादा तासाला १२०. मिठाईचा पुडा हा त्याला पर्याय नव्हे.

१९४८ च्या कायद्याची जागा आता वेतन संहिता, २०१९ हिने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. संहितेशी विसंगत नसलेल्या जुन्या अधिसूचना चालू राहण्याची सोय तीत आहे. पूर्वी किमान वेतन अनुसूचीत नमूद केलेल्या कामधंद्यांपुरते होते. ती मर्यादा आता राहिली नाही. मालकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मात्र पुराव्याचा आहे. कमी वेतनाची तक्रार आली, तर पूर्ण रक्कम दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे. ज्याच्याजवळ वेतनचिठ्ठी नाही, नोंदवही नाही, रोख दिलेल्या पैशांवर सही नाही, तो प्रामाणिक असूनही उघडा पडतो. तक्रारीला मुदत तीन वर्षांची. दरमहा १,००० रुपये कमी दिले असतील, तर तीन वर्षांची बाकी ३६,००० रुपये. आणि तिच्यावर दहापटीपर्यंत, म्हणजे ३,६०,००० रुपयांपर्यंत, भरपाई देवविण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. दंड निराळा. झाडलोटीची माणसे कंत्राटदारामार्फत घेतली म्हणूनही सुटका होत नाही. कंत्राटदाराने वेतन थकवले, तर ते मूळ मालकाला द्यावे लागते आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करीत बसावे लागते.