मोटारसायकलची मंद चाल

गोव्यात ‘पायलट’ म्हटले की विमान कोणाला आठवत नाही. बाजारात किंवा बसथांब्याजवळ पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन उतारूची वाट पाहणारा तो पायलट. त्याची मोटारसायकल जुनी, कार्ब्युरेटरची असली, तर एक व्याधी त्याला हटकून भेटते. फेरीबोटीतून उतरून धक्क्याचा ओला चढ चढायचा, मागे उतारू बसलेला. आणि मूठ सोडताच इंजीन बंद!

यावर सोपा उपाय म्हणून कार्ब्युरेटरच्या कुशीतला मोठा स्क्रू पिळला जातो. इंजीन चालू राहते. रोग मात्र झाकला जातो. मग मूठ सोडली तरी वेग उतरत नाही, उतारावर इंजिनाचा आधार मिळत नाही आणि पेट्रोल व्यर्थ जळते. वास्तविक हा स्क्रू सर्वांत शेवटी हाताळावयाचा.

मूठ सोडली असता पेट्रोलची मोठी वाट जवळजवळ बंद होते. इंजीन तगते ते एका सूक्ष्म छिद्रातून येणाऱ्या पेट्रोलवर. योगायोग असा की, त्या छिद्राच्या तोटीलाही पायलट जेटच म्हणतात. गाळाचा एक कण तिला पुरे होतो. इंजीन तापल्यावरही चोक ओढल्याशिवाय चालत नसेल, तर एक तर ही तोटी तुंबली आहे, नाहीतर कोठून तरी जादा हवा शिरते आहे. तोटी पेट्रोलने धुऊन हवेच्या झोताने साफ करावी. तार खुपसू नये, छिद्र मोठे होते. पावसाळ्यात कार्ब्युरेटरच्या वाटीत पाणीही साठते. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल पाणी शोषून घेते, हे त्याचे एक कारण. पेट्रोलची चावी बंद करून वाटी रिकामी केली की ते दिसते.

मूठ सोडल्यावर चाल वरच रेंगाळून मग सावकाश उतरत असेल, तर कार्ब्युरेटर आणि इंजीन यांमधील सांध्याचा संशय घ्यावा. सांध्यावर थोडे पातळ तेल लावावे. चाल बदलली तर चोर सापडला. प्लग काजळीने काळा पडला असेल तर गोष्ट उलट: पेट्रोल अधिक, हवा थोडी. तेथे हवेची गाळणी आणि अर्धवट ओढलेला चोक आधी पाहावा. थंड असता ठीक चालणारे इंजीन तापल्यावर मरत असेल, तर टॅपेट फार घट्ट नाहीत ना, हेही तपासणे इष्ट.

एवढे झाल्यावर स्क्रू. इंजीन चांगले तापवून, मोकळ्या हवेत, मोठ्या स्क्रूने चाल किंचित वाढवावी. मग लहान स्क्रू हलकेच पूर्ण मिटवून दीड आटा उघडावा आणि पाव पाव आटा मागेपुढे फिरवीत इंजीन सर्वांत सुरळीत कोठे धावते ते कानाने हेरावे. हा स्क्रू गाळणीच्या बाजूस असेल तर तो हवा रोखतो, म्हणून मिटवल्यास मिश्रण दाट होते. इंजिनाच्या बाजूस असेल तर बहुधा उलट घडते. हा भेद ठाऊक नसल्याने पुष्कळ हात चुकतात. त्यानंतर मोठा स्क्रू सैल करून चाल खाली आणावी.

2020 च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणनियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. त्यांना ही रीत लागू नाही.

शेवटी हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावे. वळवताना चाल चढली, तर मुठीची केबल ताणलेली आहे. ती सैल करून चाल पुन्हा लावावी.