तांबडा दिवा आणि तेलाची पट्टी

मोटार बाळगणाऱ्या पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांची अशी समजूत असते कीं, इंजिनांतील तेल कमी झालें म्हणजे समोरील झारीच्या चित्राचा तांबडा दिवा त्यांना वेळेवर सूचना देईल. पेट्रोलचा कांटा टांकींतील शिल्लक सांगतो, तसा हा दिवाही तेलाची मोजदाद ठेवीत असेल, असें त्यांस वाटतें. ही समजूत चुकीची आहे आणि ती फार महाग पडते. बहुतेक मोटारींत हा दिवा तेलाचें माप पाहातच नाहीं. तो पाहतो तेलाचा दाब. तेल बरेंच घटलें तरी पंपाच्या तोंडाशीं तें आहे तोंवर दाब टिकतो आणि दिवा स्वस्थ राहतो. पंपांत तेलाऐवजीं हवा शिरूं लागली कीं दाब कोसळतो, आणि मग दिवा लागतो. अशा वेळीं पुढच्या गॅरेजपर्यंत गाडी रेटणें हा निव्वळ अविचार होय. गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें.

दाब जाण्यांत एवढें भय कसलें, हें एका जुन्या प्रयोगावरून ध्यानांत येईल. इंग्लंडांत बीचम टॉवर यांनीं आगगाडीच्या आंसांच्या बेअरिंगांची परीक्षा करून १८८३ सालीं पहिला अहवाल प्रसिद्ध केला. बेअरिंगांत तेल सोडावें म्हणून त्यांनीं माथ्यावर एक भोंक पाडलें, तों तेल आंत न जातां उलट वर येऊं लागलें. भोंकांत बूच मारलें, तें उडालें; लांकडी खुंटी ठोकली, तीहि बाहेर ढकलली गेली. शेवटीं दर चौरस इंचास २०० पौंडांपर्यंत मोजणारें दाबमापक लावलें, तर त्याचा कांटा टोकाच्याहि पलीकडे गेला. आंस धातूवर घासत नसून तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, हें त्यांतून उघड झालें. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं १८८६ सालीं त्याचें गणित मांडलें. मोटारीचा क्रँकशाफ्ट ह्याच न्यायानें फिरतो. हा थर कांहीं ठिकाणीं केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनहि बारीक असतो. तेवढा तुटला कीं धातूस धातू भिडतो, बेअरिंग तापतें आणि अखेर इंजिन जाम होतें.

आतां तेल जातें कोठें? थोडें पिस्टनच्या कड्यांवरून जळतें, थोडें जुन्या पॅकिंगांतून पाझरतें. कांहीं कारखान्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरांस अर्धा लिटरपर्यंत तेल जळणें निर्दोष मानलें आहे. तेल बदलण्याची मुदत पुष्कळदां दहा हजार किलोमीटरांची असते. ह्या हिशेबानें ५ लिटर तेल लागेल. आणि लहान मोटारीच्या चेंबरांत एकंदर मावतें ३ ते ४ लिटर! म्हणजे निर्दोष ठरलेलें इंजिनहि मुदतीपूर्वींच कोरडें पडूं शकतें. बोरघाटासारख्या चढावर व वळणांवर तर चेंबरांतील अपुरें तेल एका अंगास जातें आणि पंपाचें तोंड क्षणभर उघडें पडतें.

उपाय अगदीं साधा आहे. पंधरवड्यांतून एकदां, तसेंच लांबच्या प्रवासाआधीं, गाडी सपाट जागीं उभी करावी. इंजिन बंद करून पांच-दहा मिनिटें थांबावें, म्हणजे वर चढलेलें तेल खालीं उतरतें. पट्टी काढून स्वच्छ फडक्यानें पुसावी, पूर्ण आंत घालावी आणि पुन्हां काढून पाहावी. पहिल्या खेपेचें माप खरें नव्हे, कारण नळीच्या अंगास लागलेलें तेल पट्टीवर चढलेलें असतें. तेल दोन खुणांच्या दरम्यान असावें. त्या दोहोंतील अंतर सामान्यतः १ लिटराच्या आसपास असतें. म्हणून थोडें थोडें ओतून पुनःपुन्हां पाहावें. उत्साहाच्या भरांत वरची खूण ओलांडूं नये, कारण जादा तेल क्रँकशाफ्टनें घुसळलें जाऊन त्यास फेंस येतो, आणि फेंसाला दाब धरतां येत नाहीं.

पट्टीवरचें तेल डिझेल गाडींत काळें दिसलें तर घाबरण्याचें कारण नाहीं. दुधासारखें पांढरट दिसलें तर मात्र आंत पाणी गेल्याचा संशय घ्यावा. न ओततां माप वाढलें, तर त्यांत इंधन मिसळत असण्याचा संभव आहे.

बॉनेट उघडण्याचाहि ज्यांस कंटाळा, त्यांनीं फोर्डच्या टी मॉडेलची आठवण ठेवावी. १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या ह्या गाडीस कारखान्यांतून पट्टीच येत नसे. खालच्या अंगास दोन तोट्या असत. चालकानें गाडीखालीं शिरून त्या उघडावयाच्या. खालचींतून तेल आलें नाहीं तर गाडी हलवावयाची नाहीं! आजच्या कांहीं महागड्या मोटारींत पट्टी काढून टाकली आहे व माप पडद्यावर उमटतें. पण तें घेण्यासहि गाडी सपाट जागींच उभी असावी लागते, आणि बहुधा इंजिन तापलेलें असावें लागतें.