डच सामासिक शब्द : सांधा आणि आघात

हॉलंडमध्ये व बेल्जियमच्या उत्तर भागात बोलली जाणारी डच भाषा नवशिक्याला भिवविते ती आपल्या शब्दांच्या लांबीने. संस्कृतप्रमाणे तीतही शब्दाला शब्द जोडून, मध्ये जागा न सोडता, एकच शब्द लिहितात. ‘झीकन’ म्हणजे आजारी माणसे, ‘हाउस’ म्हणजे घर. ‘झीकनहाउस’ म्हणजे रुग्णालय. त्यापुढे ‘बेड’ जोडला की झाली रुग्णालयातील खाट.

अशा समासात तत्पुरुषाप्रमाणे अर्थाचे प्राधान्य शेवटच्या पदाकडे असते. शब्दाचे लिंगही तेच पद ठरविते. उच्चारातील मुख्य आघात मात्र बहुधा पहिल्या पदावर पडतो. यालाही अपवाद आहेत : नगरभवन या अर्थाच्या ‘स्टाटहाउस’ शब्दात जोर ‘हाउस’वर येतो.

ओळीच्या शेवटी शब्द तोडावयाचा झाल्यास आधी समासाची पदे वेगळी करावयाची व मग प्रत्येक पदाची अक्षरे पाडावयाची, असा तेथील दंडक आहे. तो किती आवश्यक आहे हे ‘क्वार्तस्लाखन’ या शब्दावरून दिसते. ‘क्वार्त’ आणि ‘स्लाखन’ अशी फोड केली तर अर्थ होतो पाव-पाव फेरे. ‘क्वार्तस’ आणि ‘लाखन’ अशी केली तर क्वार्ट्‌झ दगडाचे थर. सांध्यावरचा एक ‘स’ कोणाचा, एवढाच काय तो प्रश्न!

याउलट, मालिशाची खाट या अर्थाचा शब्द जनसमुदायाची प्रार्थना असाही वाचता येतो. लेखनात अक्षरांची विभागणी दोन्हीकडे तीच. निवाडा होतो तो उच्चाराने : पहिल्या अक्षरावर आघात असेल तर प्रार्थना, दुसऱ्यावर असेल तर खाट.

‘फोरकोमन’ या जोडक्रियापदात तर प्रश्न गंभीर होतो. जोर ‘फोर’वर दिला तर अर्थ ‘घडणे’, ‘को’वर दिला तर ‘टाळणे’. अपघात घडणे आणि अपघात टाळणे यांत अंतर केवळ एका आघाताचे! छापताना घोटाळ्याची भीती असेल तेथे स्वरावर तिरकी रेघ देतात. पण ऐकणाऱ्याला ती दिसत नाही, बोलणाऱ्याने आवाजातूनच ती दाखवावी लागते.

म्हणून डच शिकणाऱ्याने लांब शब्दापुढे गांगरून जाऊ नये. आधी सांधे शोधावेत, शेवटच्या पदापासून अर्थ लावावा आणि मग जोर कोठे पडतो ते पाहावे. समासविग्रहाची शिस्त मराठी विद्यार्थ्याला नवी नाही. आघाताकडे मात्र त्याने मुद्दाम कान द्यावा, कारण मराठीत केवळ जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही.